फौजदार आन् शिपाई

...आन् माजा दोस्त सदू बोलला, "हात्तिच्या, एक काय कोनबी पाळतंय, दोन नेऊन दाव." झालं! तिथंच माजं कपाळ फुटलं. तुमाला सांगतो, समोर वाडीवरचा पोशा उकिडवा बसलेला, त्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झालेली, तो बापडा घसा फोडून सांगत व्हता, "पोरा, एक ने. एका वेताची दोन नको नेऊ. ती एकमेकांची व्हत्यात, मानसाची व्हत नाय." आता पोशाचं आख्खं आयुष्य रानात कुत्र्यांच्या मागं गेलेलं, आन् सदूला त्याच्या घरची कोंबडी हुसकून लावते ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. पन मी ऐकलं कोनाचं? सदूचं! दोन बगलंत दोन पिल्लं घातली आन् आलो गावात, पोशीरला, छाती काढून. कुत्रं पाळावं तर एकच पाळावं हो... पन तेवढी अक्कल असती तर मी चौथीत दोनदा बसलो असतो का?

नावं ठेवली फौजदार आन् शिपाई. एक पुढं चालायचा, दुसरा त्याच्या शेपटाला नाक लावून मागं, म्हनून. मला वाटलं, दोन म्हंजे दुप्पट राखन. कसली राखन? एकाला हाक मारली की तो माज्याकडं बघतच नसे, भावाकडं बघायचा, "काय रं, जायचं का?" आन् भाऊ बोलायचा, "बस रं, बोंबलू दे त्येला." एकाला बांधला तर दुसरा दावं कुरतडतोय. फटका एकाला आन् रडतोय दुसरा! आई अंगनात बोंबील वाळत घालायची, तर शिपाई तिच्या लुगड्याचा काठ धरून एकीकडं ओढनार, ती "हाड मेल्या" करीत वळली की पाठीमागनं फौजदार बोंबील घेऊन परड्यात. मग तिथं दोघं मिळून खायची, आन् भांडन नाय हो! सख्खे भाऊ, वाटनी चाललीय आन् भांडन नाय... आमच्या गावात असलं आजवर कोनी बघितलेलंच नव्हतं.

आता तुमच्यापाशी काय लपवायचं, ह्यात माजीबी सोय व्हती. गूळ गेला? फौजदार. पापड्या गेल्या? शिपाई. एकदा आई बोलली, "पदू, कुत्र्यानं गूळ खाल्ला ते समजलं, पन डब्याचं झाकन परत लावलं कोनी?" मी बोललो, "मी शिकवतोय त्यांना, आई."

हे चाललं असतं वर्षभर. पन मधी आले आबाजी. आबाजी म्हंजे माज्या बापाचे चुलते, घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या खडावा व्हत्या, शिसवी, नाशकाहून आनलेल्या, आंघोळ झाली की त्या घालून खट्‌खट् करीत देवाला जायचे. ती खट्‌खट् ऐकली की आमच्या घरात मांजरसुद्दा सरळ बसायची. तर ही दोघं थंडीची चुलीच्या राखंत झोपायची, आन् एके दिवशी तश्शीच, गोसाव्यासारखी राख फासून, आबाजींच्या धुतल्या धोतरावर नाचली. आबाजींनी पायातली खडाव काढली आन् हानली... कोनाला? कुत्री पळाली, मी उभा व्हतो! हे बघा, इथं, केस बाजूला करतो, खून हाय अजून. एकच कुत्रं असतं तर धोतरबी अर्धंच मळलं असतं.

मग आला शिमगा. शिमग्यात पोरांनी गावातलं लाकूड पळवायचं ही रीतच हाय, आन् होळीत गेलेलं लाकूड कोनी परत मागत नाय. सदूनं त्याच्या आज्याचा पाट आनलेला. मी काय आनलं ते तुमी वळखलंच. रचलेल्या होळीत पार बुडाशी खुपसल्या दोन्ही, आन् पेटल्यावर सगळ्यांच्या वर बोंब मारली ती मीच.

सकाळी आबाजी अनवानी उभे. बोंब नाय, शिवी नाय. हळूच बोलले, "खडावा कुठं गेल्या?" सगळं घर बघाय लागलं त्या दोघांकडं. आन् मी... गप बसायचं का नाय? तेवढं तरी! मी बोललो, "फौजदाराच्या दाताला लाकूड दिसलं खरं."

आबाजी बोलले, "दोन हायत म्हनून माजलीत. जोडी फोडा."

माजा हिरामणमामा धुळवडीला आलेला. तो ठाकुरवाडीला, घाटात, रूळ ठोकायच्या कामावर. त्यानं फौजदाराला दोरी लावली आन् नेला. तिथं वाघरू फिरतं, एकटं कुत्रं म्हंजे त्याचा घास, हे मला ठावं व्हतं. तरी तोंड उघडलं नाय. डोसक्यावरची खून चोळीत बसलो.

मागं राहिला शिपाई. तो वाटंकडं तोंड करून बसला तो बसलाच. दावं सोडलं तरी जागचा हलंना. खाईना. पाचव्या दिवशी तर आईनं बोंबील मुद्दाम अंगनात टाकले, पाठ फिरवून उभी राहिली आन् बोलली, "घे रं मेल्या, चोरून तरी खा." त्यानं तोंड फिरवलं.

मग मात्र मी उठलो. ठरवलं, दोघांना घेऊन यायचं आन् आबाजींच्या म्होरं सगळं खरं वकायचं. शिपायाला दोरी लावली, नेरळ, तिथनं रुळारुळानं कर्जत, पळसदरी, पुढं घाट. पाय असे सुजले, भोपळेच! वाटंत गाड्या आमच्या अंगावर धूर सोडून जात व्हत्या. मामाच्या खोपीपाशी फौजदार खुंट्याला, बरगड्या मोजून घ्याव्या असा. शिपायानं दोरी हिसडली... आन् मग काय ते दोघांचं चाटनं, लोळनं, रडनं. मीबी रडलो. धूर गेलेला डोळ्यात, दुसरं काय?

मामा बोलला, "दोन रात्री वाघरू खोपीभवती फिरलं. हा एकटा भुकून भुकून दमला." मी बोललो, आता नेतो दोघांना. दोऱ्या सोडल्या, चार पावलं चाललो आन् घातली शीळ, माजी शीळ, चार महिने शिकवलेली! शिपायानं फौजदाराकडं बघितलं, "काय रं, जायचं का?" फौजदारानं बूड टेकलं. त्याच्या बाजूला शिपायानं टेकलं. मी गूळ दावला. गूळ खाल्ला, आन् परत जाऊन बसली! मामा बोलला, "राहू दे रं पदू. दोन असली की वाघरू जवळ येत नाय." पोशानं सांगितलेलं की... एक ने.

एकटा घरी आलो. आबाजी विहिरीवर पाय धूत व्हते, अनवानीच. मी बोललो, "आबाजी, खडावा मी होळीत टाकल्या."

आबाजींनी पाय धुवून संपवले. मग बोलले, "आन् दाताचं लाकूड?"

"तेबी मीच."

वाटलं, आता दुसरी खून. पन म्हाताऱ्यानं हात उचलला नाय हो. इतकंच बोलले, "हेच धुळवडीला बोलला असतास तर दोन्ही आज दारात असती," आन् गेले देवाला. खट्‌खट् नाय, काय नाय.

आता घर निवांत हाय. बोंबील जागच्या जागी वाळत्यात. काल मांजरीनं पेजंत तोंड घातलं, माज्या डोळ्यांदेखत. आई चुलीपासनं ओरडली, "पदू!" मी मांजरीकडं बघितलं, मांजरीनं माज्याकडं बघितलं... आन् मी बोललो, "व्हय आई, मीच."