बाबूमामांची गिटार आणि लग्नाची पंगत

आमचे बाबूमामा मुंबईच्या हॉटेलात जॅझ गिटार वाजवायचे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. कळमनुरीला परतल्यावर त्यांना रशीदचाचांच्या कव्वाली पार्टीत जागा हवी होती. चाचा गायला लागले की लोक रडायचे, पण जेवायला उठायचे नाहीत. आचारी वैतागायचा.

एका लग्नात चाचांनी मामांना संधी दिली. मामांनी डोळे मिटून गिटार छेडली. डोळे उघडले तेव्हा मांडव रिकामा होता आणि पंगत गच्च भरली होती.

"चाचा, आता मला काढून टाकणार ना?" मामा रडवेले झाले.

"काहून? तुमी पक्के झाले," चाचा म्हणाले. "फकस्त भात शिजल्याबिगर वाजवू नका. आचाऱ्यानं बजावलंय."