शेळीनं राखलेलं गोल झाड

अरे, शेळीला कमी समजू नका! ताईला बघायला पाव्हणे येणार म्हणून मी बीडहून चेंडूवानी गोल छाटलेलं फायकसचं झाड आणून दारात लावलतं. आदल्या दिवशी बघतो तर शेळीनं त्याची एक बाजू साफ केलेली! मी डोकं धरून बसलो.

अण्णा म्हणले, "रडतो कावून? आता दुसऱ्या बाजूनं चारू तिला."

दावं आखूड धरून त्यांनी शेळीला झाडाभोवती फिरवलं. झाड लहान झालं, पण गोल ते गोलच!

पाव्हण्यांत मुलाचा बाप चहा सोडून झाडच बघत बसला. "लई सुबक छाटलंय. माळी कोन हाय?"

मान खाली घालून बसलेली ताई पटकन बोलली, "मागं बांधलीय. कात्री लागत न्हाई, वरून दूध देती."

बाप खदाखदा हसला. "पोरगी पसंत हाय! पोरी, झाड आमच्या बी दारात हाय, येताना शेळी घेऊन ये."