महाराजांना ब्रेक नव्हता

मंडळी, एक सांगा — गाडी थांबली म्हणजे आतला माणूस थांबला का? माना डोलवू नका! वीस वर्षं मीही अशीच डोलवत होतो!

ऐका. आमचे मृदंगवादक भालचंद्र गुरुजी, शाळेत विज्ञान शिकवतात. दुपारचं कीर्तन पारनेरला, संध्याकाळचं निघोजला. गुरुजी गाडी चालवतायत, मी मागे. महाराज पुढे बसतात होय? शेजारी मृदंग. त्याला मी स्वतःच्या हातानं पट्टा बांधला — त्याच्या तोंडावरच्या शाईला धक्का नको! आणि मला? छे! उपरण्याची इस्त्री मोडते ना!

गाडी चाळीसनं चाललेली. मी म्हटलं, "गुरुजी, बैलगाडी आहे का ही? लोक हार घेऊन उभे असतील!"

"महाराज, वेग दुप्पट केला तर मार चौपट बसतो."

"विज्ञान शाळेत हो! इथं पांडुरंग बसलाय पाठीशी!"

पाठीशी कोण होतं? मी! नव्वद किलो! सगळी सप्ताहातल्या पुरणपोळीची कृपा!

बिचाऱ्यांनी काटा ऐंशीवर नेला. वळणावर उभी ट्रॉली! गुरुजींनी ब्रेक दाबला, तरी धाडकन ठोकलीच. बॉनेट चेपलं — निम्मा मार त्यानं आपल्या अंगावर घेतला. लोखंड वाकलं हो! गुरुजींना पट्ट्यानं धरलं. मृदंगाला ओरखडा नाही. गाडी थांबली... पण महाराज? महाराजांचा उरलेला वेग अंगातच! मोह सोडा, मोह सोडा म्हणून गावोगाव ओरडणारा हा देह — सीटसकट गुरुजींच्या पाठीवर!

कपाळाला टेंगूळ आलं आणि मी ओरडायला लागलो, "मेलो! मेलो!" गुरुजी हळूच म्हणाले, "महाराज, जरा बाजूला होता का? हात उचलत नाहीये."

उजवा खांदा. मृदंगावर थाप पडते तो हात. ट्रॉलीनं नाही मोडला, मंडळी. मी मोडला.

आज माझ्यामागे मृदंग नाही, नुसते टाळ आहेत. मघाशी कुणीतरी कारण विचारलं, तेव्हा मी घसा खाकरला. लाज वाटली. डॉक्टर म्हणतात हाड जुळेल, पण थाप पूर्वीसारखी पडेल का, ते सांगत नाहीत.

आता हसताय काय? बाहेर तुमच्या गाड्या उभ्या आहेत. जाताना मागच्या सीटवर ऐसपैस बसाल, पट्टा कशाला म्हणाल. बसा! फक्त बसण्याआधी एकदा बघा — तुमच्या पुढच्या सीटवर कोण बसलंय.