दिनकररावांच्या नावाचा डांबरी रस्ता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय व्यंकटराव काका, मोहदरीचे सरपंच महारुद्रभाऊ, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे दिनकरराव सर, समोर बसलेल्या आया-बहिणी, गावकरी बंधू, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे उभे असलेले सर्वजण, तुम्हाला माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी सांगितलं की पंकजाताई पाच मिनिटं बोलतील. हे त्यांनी मला न विचारता सांगितलं आहे, तेव्हा तो शब्द पाळण्याची जबाबदारी त्यांची.

सर आज जिंतूरच्या शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि येत्या रविवारी मुलीकडे नाशिकला जातील. शाल दिली, नारळ दिला, फेटा बांधला. त्यांची सायकल इथे व्यासपीठावर आणून तिच्या हँडलला हार घातला. भावना चांगली आहे. पण आपल्याकडे भिंतीवरच्या फोटोला हार कधी घालतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून ती सायकल बघून मला तो फोटोच आठवतो आहे, आणि त्याला कारण आहे.

सरांनी आयुष्यात केलं काय? शिट्टी वाजवली, कबड्डी शिकवली, हे झालंच. पण सुट्टीच्या दिवशी हा माणूस सायकलवर जिंतूरच्या मागच्या डोंगरात पांदणी शोधत फिरायचा. बैलगाड्या गेल्या आणि गाड्यांच्या जुन्या वाटा तेवढ्या उरल्या. बाभळी-घाणेरीने बुजलेल्या, विसरलेल्या वाटा. त्या त्यांनी पोरांना घेऊन मोकळ्या केल्या, एकमेकींना जोडल्या. माळावरून निघायचं, मोहदरीचा घाट चढायचा, सागाच्या आणि सीताफळीच्या रानातून उतरायचं आणि थेट येलदरीच्या पाण्याला चाक लावायचं. सगळ्या वाटेत एका इंजिनाचा आवाज नाही. महामार्गावर देवगाव फाट्याकडे सायकल चालवून बघा, मग या शांततेची किंमत कळेल.

लोकांना ती कळली. हैदराबादहून, नागपूरहून माणसं रेल्वेने सायकली घेऊन मानवत रोडला उतरायला लागली. ही माणसं परदेश फिरलेली. त्यांनी आपल्या डोंगरात येऊन काय मागितलं? हॉटेल नाही, झुलता पूल नाही. त्यांनी एवढंच मागितलं की वाट आहे तशी राहू द्या.

आता मी थोडी घाटातल्या बायनाबाईकडे वळते. ती इथेच बसली आहे, तिसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. बायनाबाई, मान वर कर, मी तुझी तक्रार करत नाही.

बायनाबाई आणि तिचा नवरा लिंबाजी दरवर्षी दसऱ्यानंतर ऊस तोडायला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन माणसांना मिळून एका हत्याराचं नाव. तर एका हिवाळ्यात सरांनी सायकलवाल्यांना तिच्या अंगणात जेवायला बसवलं. पिठलं, भाकरी, ठेचा, वर ताक. दुसऱ्या वर्षी मुक्कामाचे लोक आले. तिसऱ्या वर्षी ऊसतोडीचा मुकादम दारात आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "औंदा दुसरा कोयता बघा. मपल्याकडं पाव्हणे यायलेत." हे वाक्य ती अजून सगळ्यांना सांगते. का सांगू नये? सायकल थंडीत चालते आणि ऊसही थंडीतच तुटतो. म्हणून तर हे जमलं. सरकारी योजनांना जे साधलं नाही, ते एका पांदणीने साधलं.

मग आम्हाला सरांच्या प्रेमाचं भरतं आलं.

महारुद्रभाऊ, तुमच्यावर माझा राग नाही असं मी म्हणणार नाही, राग आहे. पण तुमच्या मनात खोट नव्हती, हेही मी याच माईकवरून सांगते. पावसाळ्यात सरांची सायकल चिखलात रुतलेली तुम्ही पाहिली आणि म्हणालात, "सर, तुमी सायकल खांद्यावर घ्यायलात, हे मला बघवंना. मी तुमाला डांबरीवरूनच नेतो." आणि हा माणूस परभणीला खेटे घालून घालून मंजुरी घेऊन आला. माळावरचा पहिला टप्पा गेल्या वर्षी डांबरी झाला. पेढे वाटले. सरांनीही पेढा खाल्ला. काय करतील? सायकलच्या वाटेचा सन्मान म्हणून आपण तिचा मोटाररस्ता केला. हे करावं तर आपणच.

डांबर वाळायच्या आत टेकडीमागच्या खडी क्रशरवाल्यांना कळलं की इथून जवळ पडतं. टिप्पर सुरू झाले. डिसेंबरात हैदराबादचा चमू आला. टिप्परला वाट देताना त्यांच्यातली एक बाई खाली चारीत पडली आणि तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. चमू तिथूनच परत फिरला. बायनाबाईला कुणी कळवलं नाही. ती भाकऱ्यांची चवड झाकून ऊन उतरेपर्यंत ओट्यावर बसून होती. सर जाऊन पोचले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गुरुजी, समदं थंड झालं की." त्यानंतर त्या हिवाळ्यात तिच्या अंगणात कुणी फिरकलं नाही.

आणि आता दुसरा टप्पा. घाटाचा. जेसीबी पायथ्याशी येऊन उभा आहे. इकडे माझ्या उजव्या हाताला लाल कापडाखाली जी पाटी आहे, तिच्यावर 'दिनकरराव मार्ग' असं लिहिलं आहे. माझ्यानंतर सरांच्या हस्ते तिचं अनावरण, आणि उद्या सकाळी खोदकाम.

आता कुणी म्हणेल, बाई शहरात राहते, हिला सायकलींचं कौतुक. म्हणेल कशाला, मोहदरीच्या ग्रामसभेत सारजाबाईंनी मला तोंडावर विचारलं, "तुमाला सायकलीचं पडलंय. मपली सून जीपमधी बाळंत झाली, तिचं कोन बघनार?"

सारजाबाई, तुमचा प्रश्न माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा आहे. मी त्यावर टाळी मागणार नाही, मी त्याला उत्तर देते. तुमची सून कोणत्या रस्त्यावर बाळंत झाली? पांदणीत नाही. मोहदरीला पूर्वेकडून रस्ता आहे, डांबरीच आहे, जिंतूरच्या दवाखान्याला तोच जवळ आहे. फक्त तो आता रस्ता राहिलेला नाही. खड्ड्यात जीप आदळली आणि पोर तिथेच जन्मलं. मग दुरुस्ती त्याची व्हायला हवी की घाट फोडून नवा करायला हवा? हे मी महारुद्रभाऊंना त्याच ग्रामसभेत विचारलं. ते काय म्हणाले, आठवतं का? "ताई, दुरुस्तीच्या रोडला कुनाचं नाव देता येतं का?"

लोक हसले. मीही हसले. घरी गेल्यावर मात्र मला झोप लागली नाही. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, राज्यं का बुडाली याचीही वाचली आहेत. पण आपलं काय चुकतं हे इतक्या थोडक्यात मला कुठे सापडलं नव्हतं. आपल्याला खड्डा बुजवायचा नाही, कारण खड्ड्यावर कोनशिला बसत नाही. जुनं सांभाळणाऱ्याचा फोटो निघत नाही.

व्यंकटराव काका घड्याळ बघायलेत. काका, शेवटाकडेच आले.

आज सकाळी मी सरांना विचारलं, तुम्ही हे थांबवत का नाही? सर म्हणाले, "पोरांनी माझ्या नावानं केलंय. माझ्याच नावाला मी नको कसं म्हणू? ते बरं दिसत नाही." बघा, किती सभ्य माणूस. आता सगळे बघतात म्हणून मान खाली घालून बसलेत. सर, तुम्हाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तुमच्या वतीने मी म्हणते. नाही. हा घाट फोडू नका.

नावाचीच हौस असेल तर तीही भागवू. पाटी रंगवून तयार आहे, ती वाया घालवू नका. ती उचला आणि पूर्वेच्या रस्त्यावर लावा. तो रस्ता आधी नीट करा आणि मग त्याला सरांचं नाव द्या. दुरुस्त केलेल्या रस्त्याला माणसाचं नाव, असं महाराष्ट्रात कुठे नसेल तर मोहदरीत होऊ द्या. सारजाबाईंच्या दुसऱ्या सुनेची जीप त्या रस्त्याने वेळेत दवाखान्यात पोचली, तर सरांना याहून मोठा सत्कार कोणता? आणि माळावरच्या पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी दगड रोवा, म्हणजे सायकल जाईल आणि टिप्पर जाणार नाही. दोन तारखेला ग्रामसभा आहे, तोवर जेसीबी उभाच राहू द्या. ठराव करायला जेवढी माणसं लागतात, त्याहून जास्त आज या मंडपात आहेत.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, संयोजकांनी अडवलं नाही, आणि तुम्ही जेवण थांबवून ऐकलंत, याबद्दल सर्वांची मी ऋणी आहे. सर, तुम्हाला नाशिकला चांगलं आरोग्य लाभो. बोलताना कुणाला लागलं असेल, मानाच्या माणसाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर धाकटी समजून पदरात घ्या.

एकच राहिलं. मुकादम परवा बायनाबाईच्या दारात येणार आहे. त्याला काय सांगायचं, हे विचारायला ती घाट उतरून इथे आली आहे, जेवणासाठी नाही. तेव्हा व्यंकटराव काका, महारुद्रभाऊ, त्या कापडाच्या दोरीला हात लावण्याआधी तिसऱ्या रांगेत बघा. हिरवं लुगडं आहे. तिला इथूनच, या माईकवरून, सगळ्यांसमोर सांगा. जा म्हणा, नाहीतर थांब म्हणा. मग खुशाल दोरी ओढा.