सासूबाईंच्या गोळ्या

नायगावच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"मालन, किती गं बारीक झालीस!"

"सासूबाई गेल्या, त्यांच्या साखरेच्या गोळ्या उरल्या होत्या. त्याच घेते. भूकच मरते, लतिकाताई."

"तुला कुठे डायबिटीस आहे?"

"नाही ना! पण बघा, त्यांच्या बांगड्या कशा अलगद चढल्या हातात."

"मग इथे कशाला आलीस?"

"मध्येच दरदरून घाम फुटतो. हातपाय लटपटतात."

"अगं, शेवटी त्यांचंही असंच व्हायचं!"

"हो. तेव्हा आमचे हे त्यांना साखरपाणी पाजायचे. काल लोडशेडिंगच्या अंधारात मला पाजलं. म्हणाले, 'आई, घोट घे.'"

"अगं बाई! आणि तू?"

"मी ओ दिली."