दाराबाहेर बसायची विद्या

कोपनहेगनच्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर थीराबाई आत नेलेल्या नवऱ्याची वाट बघत विणत बसल्या होत्या. शेजारी गेर्डामावशी आणि तिचा भाचा आस्गर. मावशीला आज पेसमेकर बसवायचा होता, आणि ती घाबरून, कोट चढवून घरी परत जायच्या बेतात होती.

"तू जीवभौतिकी शिकतोस ना? मग सांग, ते यंत्र बसवल्यावर मला रविवारी चर्चमध्ये गाता येईल?"

"मावशी, मला हृदयातलं काही कळत नाही गं."

"मग इतकी वर्षं केलंस काय?"

"एका दाराचा अभ्यास. बेडकीच्या अंड्याच्या आवरणात असतं ते, डोळ्यांना न दिसणारं. त्यातून क्षाराचे कण ये-जा करतात. असल्याच दारांच्या उघडझापीवर तुझं हृदय चालतं."

"आणि ते दार तू उघडतोस?"

"छे! ते आपल्या मर्जीनं उघडतं. मी बाहेर बसून वाट बघतो. आई शेजारपाजारी सांगते, पोरगा शास्त्रज्ञ होणार. झालाय द्वारपाल!"

"कंटाळून उठत नाहीस?"

"एकदा उठलो, कॉफी आणायला. नेमकं तेव्हाच उघडलं मेलं!"

मावशी खुदकन हसली. इतक्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. तिचं हसू मावळलं. मग तिनं कोट काढून भाच्याच्या मांडीवर ठेवला.

"देवानं तुला नेमकं हवं तेच शिकवलंय रे. बस इथेच. आणि कॉफीसाठी उठलास तर बघ!"

दार लागलं. आस्गर कोट कवटाळून त्या दाराकडे बघत राहिला. थोड्या वेळानं थीराबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि आपल्या थर्मासमधली कॉफी ओतून त्याच्या हातात दिली.