कुत्र्याचं न्हाई, बकऱ्याचं

न्हाई ओ साहेब, कुत्र्याचं न्हाई — बकऱ्याचं हाय. सगळी हेच इचारत्यात, तुमी काय पयलं न्हाई. मग नाव हॉट डॉग कशाला? गोऱ्यांच्या मुलखात लांबुडकं कुत्रं असतंय, त्यावरनं पडलं म्हणं. मला तरी पलटणीच्या मेसमदी मेजरसायबांनी असंच सांगितलेलं. आतडं? व्हय, वरची सालपटी मेंढराच्या आतड्याचीच — मीठ लावून, उलटंपालटं करून धुतलेली — आत खिमा, चरबी, लसूण, मिरी. उकळी आली की फुटतंय, म्हणून बारीक जाळावर निवांत शिजवायचं, मग तव्यावर. खावा, गार झालं की चरबी टाळ्याला चिकटती.

पेन्शनीत आलो आन ब्याण्णव साली हितं मिरजेत गाडा लावला. डाक्टरकीची पोरं झुंबड करायची — ते बघवलं न्हाई बिराप्पाला. खानावळ हुती त्याची, ते कुलूप दिसतंय न्हवं, तितं. माझी पाटी लोकांस्नी वाचून दावायचा — बघा, डॉग लिवलंय, ह्यो गुंडा — गुंडा म्हंजी मी — कुत्री धरतोय. हसत सांगायचा. लोकं बी हसायची. म्हटलं, हसू देत. पर गोष्ट पलूसला पोचली — तितं माझ्या प्रियदर्शनीची सोयरीक ठरलीती. पोराचा चुलता आला, पान्याच्या तांब्याला शिवला न्हाई, म्हणाला, कुत्री कापणाऱ्याची पोरगी आमच्यात चालायची न्हाई. पोरगी दाराआड हुबी, सगळं ऐकलं तिनं. रडली न्हाई — रडली असती तर मी इसरलो बी असतो.

मग काय केलं? वाट बघितली. गावच्या जत्रंला बिराप्पानं लेकीच्या हुनाऱ्या सासरची माणसं जेवाय बोलावली. सैपाकाला सिद्धू आचारी — माझ्याच पलटणीतला. त्याच्या मागनं मी शिरलो चुलीपाशी, डोक्याला टावेल गुंडाळून. रस्सा त्यानं केला, सुक्कं मी — ह्येच, चकत्या पाडून, कांद्यात परतून. बिराप्पा बोटं चाटत हुता, याह्याला, पोराच्या बापाला, आग्रह करकरून वाढत हुता. पंगत उठायच्या आत म्होरं गेलो, टावेल काढला, म्हणालो — बिराप्पा, कुत्रं कसं लागलं?

याही पंगतीतच वकला. आन बिराप्पा शपथा घ्याय लागला — खोटं बोलतोय ह्यो, बकऱ्याचंच असतंय ते, मला ठावं हाय. ऐकलं? ठावं हुतं त्याला. भर पंगतीत, त्याच्याच तोंडनं. पर आता त्याचं ऐकतंय कोण — सोयरीक मोडली. त्याची लेक? हुती की, पडवीत, हातात भाकरीची पाटी घिऊन. बघितली मी. मग काय करू, माझी लेक न्हवती का?

लय हौसेनं घरी जाऊन सांगितलं प्रियदर्शनीला. तर म्हणाली, एकटी हुते, आता दोघी झालो. तवापास्नं माझ्या हातचं खात न्हाई. तिचं कळंल तिला कवातरी. बिराप्पाची खानावळ बसली, ह्ये बास हाय मला. गाडा बी बसला म्हणा — मीच चारचौघांत कुत्रं म्हणालो न्हवं — आता तुमच्यागत परगावचं कोण तर येतंय.

का, खाली का ठेवलं? असं का बघताय माझ्याकडं? बरं, राहू द्या. सरका बाजूला, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय.

न्हाई, कुणी न्हाई. तरी सरका.